एकाच बाजूला झुकलेले पंख

१२ ऑगस्ट

सकाळी गाडी पुसली. खरेदीदार आला, चहा घेऊन गेला. जेवायला उशीर झाला. दुपारी झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसले.

भाऊजी, नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? जाऊबाईंना सांगा, शाल छान उबदार आहे (अजून कपाटात आहे, पण हात लावून पाहिला). माझी काळजी करू नका. हे गेल्यापासून घरात गाड्यांबद्दल कोणी बोलत नाही, त्याची सवय व्हायची आहे.

तुम्ही आणि मुलांनी ठरवल्याप्रमाणे गाडी दाखवली. अंगण मोकळं होईल, हे मलाही पटलं होतं. गृहस्थ मोठे जाणकार निघाले. बूट काढता काढताच सुरू झाले: पहिल्या गाड्या म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्याच, मग वाऱ्याला वाट द्यायची म्हणून त्या थेंबासारख्या गोल झाल्या, पुढे विमानांचं वेड लागलं आणि गाड्यांना मागे पंख फुटले, अंगभर क्रोम चढलं. "आणि मग कोणीतरी पट्टी घेऊन सगळं सरळ केलं," हे वाक्य मीच पूर्ण केलं. ते चमकले. त्यांना काय ठाऊक, मी हे सगळं भाजी चिरता चिरता जन्मभर ऐकलेलं आहे!

मग ते गाडीच्या मागे गेले आणि पंखांपाशी खालीच बसले.

पंख मोडला तेव्हा तुम्ही परगावी होतात, म्हणून त्याची हकिगत सांगते. गाडी मागे घेताना यांनी डावा पंख फाटकाच्या खांबावर मोडला. नवा मिळेना, तेव्हा घरीच करायचं ठरलं. उजव्या पंखाचा आकार कागदावर कापून घेतला, माझ्या ओव्हनमध्ये मॉडेलची माती मऊ केली (पुढचे कितीतरी केक त्याच वासाचे झाले), मातीचा पंख घडवला आणि त्यावरून फायबरचा काढला. मी ट्यूबलाइट धरून उभी, हे एक डोळा मिटून पंखावरची उजेडाची रेघ कुठे वाकडी होते का ते बघतायत. सगळं झकास झालं, फक्त कागद उलटा करायचा राहिला. भूमितीत प्रतिबिंब शिकवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी दोन्ही पंख उजवीकडेच झुकवले! गाडी उभी असली तरी वळतेय असं वाटतं.

हे कसले कबूल करतात! विचारणाऱ्याला शांतपणे सांगायचे, "त्या साली कंपनीने दोन-चार गाड्यांवर असा प्रयोग केला होता." जुन्या गाड्यांच्या मंडळाने ते आपल्या अंकात छापलंसुद्धा.

तर खरेदीदार डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "काकू, हीच ती प्रयोगाची गाडी! किती वर्षं शोधतोय मी."

मला राहवेना. म्हटलं, "प्रयोगच होता. आमच्या स्वयंपाकघरात झाला."

त्यांनी पंखावर टिचकी मारली. पत्र्याचा आवाज आला नाही. माझ्याकडे वळले आणि खो खो हसले. माणूस वाईट नाही. जाताना म्हणाले, "हरकत नाही, घेतो मी गाडी. हा पंख कापून टाकतो, दुसरा सरळ बसवला की झालं."

विचार करून कळवते, असं मी सांगितलं. बाकी सर्व ठीक. मुलांना आशीर्वाद, जाऊबाईंना आठवण.

तुमची
वहिनी

ता. क. – विचार त्यांच्यासमोरच झाला होता. ते फाटकापर्यंत पोचायच्या आत हाक मारून नाही म्हणून टाकलं. माझ्या मुलांना हे तुम्ही सांगा. माझ्याशी ती वाद घालतील, तुमच्याशी नाही.

ता. क. दुसरा – गुडघा खरंच बरा असेल तर रविवारी या. मला गाडी चालवायला शिकवा. हसू नका. आधी पुढे न्यायला शिकवलंत तरी पुरे, मागे घ्यायचं सावकाश बघू.

ता. क. तिसरा – टपालपेटी बाजाराच्या टोकाला आहे. आज तरी चालतच जाते. येताना दूध घेईन.