येळ्ळूरच्या मुळांना लावलेली हळद

बेंगळूर,
अनंत चतुर्दशीनंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप मंगलआक्कास,

धाकट्या परशरामचा पाया पडून नमस्कार. तुझा गुडघा, नागोजीदाजींचा खोकला आणि लाथा मारणारी म्हैस, तिघांची खुशाली कळव. मी इथं बरा आहे, म्हणजे वजन वाढलंय आणि अब्रू कमी व्हायच्या बेतात आहे. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू आधी जेवलास काय म्हणून विचारतेस आणि माझा धीर तिथंच संपतो.

तुझा भाऊ रेणवीय जीवशास्त्रज्ञ आहे हे गावात अजून कुणाला नीट कळलेलं नाही. (भावकूकाका मला रक्त तपासणारा समजतात आणि भेटले की आपली साखर किती असेल ते विचारतात.) माझं काम म्हणजे पिकांच्या मुळांशी राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू ओळखणं. बारा वर्षांपूर्वी मी जगाला सांगितलं, की भाताच्या मुळाशी इतरत्र हजारो जातींचे जिवाणू नांदतात, पण आपल्या येळ्ळूरच्या भाताशी एकच नांदतो आणि बाकीच्यांना फिरकू देत नाही. माझी नोकरी, बढती, घशाला कोरड पडेपर्यंत केलेली भाषणं, सगळं त्या एका लेखावर उभं आहे. दोनशे तेरा शास्त्रज्ञांनी आपल्या लेखांत त्याचा आधार घेतला. जपानातल्या एका बाई तीन वर्षं तसा भात शोधत फिरल्या आणि सापडला नाही म्हणून त्यांनी माझीच माफी मागितली. (मी मोठ्या मनानं माफ केलं!)

आता गणपतीतली गोष्ट. निघायच्या दिवशी मी तुझ्याकडं भाताची चार रोपं मुळासकट मागितली. मागच्या दारी येऊन बघतो तर तू बंबातलं कढत पाणी बादलीत घेऊन मुळं घासत होतीस. मग त्यांना हळदकुंकू लावून तू ती सुपात वाळत घातलीस. हे काय म्हणून विचारल्यावर तू म्हणालीस, "असली चिखलानं भरल्याली तुझ्या सायबांम्होरं कशी पाठवायची रं? मागच्या बारीला बी अशीच चकचकीत करून दिलती की. कुणी नावं ठेवली व्हय?"

नाही आक्का, कुणी नावं ठेवली नाहीत. दोनशे तेरा जणांनी माना डोलावल्या. घासण्यात निम्मे जिवाणू गेले, कढत पाण्यानं आणि हळदीनं बाकीचे; एवढ्यातून जो एक चिवट वाचला त्याच्या जिवावर मी बारा वर्षं मिरवलो. मला उभ्या जागी घाम फुटला, आणि तुला वाटलं जेवणातला ठेचा तिखट झाला.

यात तुझा काडीचाही दोष नाही. घरातून परगावी जाणाऱ्या चीजवस्तूला तू हळदकुंकू लावणारच, माझ्या कॉलेजच्या ट्रंकेलाही लावलं होतंस. दोष माझा. लेखात मी लिहिलंय की नमुने लेखकानं स्वतः शेतात जाऊन गोळा केले. लेखक बारा वर्षांपूर्वी त्या दिवशी बेंगळुरात पंख्याखाली बसून तुला फोन करत होता, आणि मुळं भावकूकाकांच्या पिशवीतून, चकल्यांच्या डब्याला खेटून बसनं आली. मुळांना माती कशी नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, कारण निकाल फार देखणा होता. याची मला खरोखर लाज वाटते.

लेख मागे घेतो असं पत्र मी तो छापणाऱ्या नियतकालिकाला लिहिलं आहे. त्यात चूक माझी म्हटली आहे, तुझं नाव कुठंही नाही. दाजींना नमस्कार सांग.

तुझा
परशराम

ता. क. : खरं सांगायचं तर ते पत्र अजून धाडलेलं नाही. रोज उघडतो, एक स्वल्पविराम हलवतो आणि मिटून ठेवतो. पुढच्या महिन्यात संस्थेत माझा सत्कार आहे, त्याच भातासाठी.

दुसरा ता. क. : आत्ताच धाडलं.

तिसरा ता. क. : आता मुद्द्याचं. रविवारी मी येतोय, मुळं स्वतः उपटायला, चिखलासकट. बंब पेटवू नकोस. मी पोचलो की जेवायला न बसवता आधी माझ्याबरोबर रानात चल. दाजींना यातलं काही बोलू नकोस, भावकूकाकांना तर मुळीच नको. येळ्ळूरच्या मातीवर मी सोळा देशांत बोललो आक्का, पण आपलं शेत नेमकं कुठलं, ते मला एकट्याला सापडायचं नाही.