कलकत्त्याचं पाणी

आई, ते कलकत्त्याच्या पाण्यामुळे नव्हतं. एवढं एक वाक्य तुला सांगायला मला म्हातारपण गाठावं लागलं, आणि ऐकायला तू कधीची नाहीस.

बालीगंजच्या घरात मी दहा वर्षांची आहे. बाबांची बँकेतून तिथे बदली झालेली, आणि तुला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागलेली. जेवून उठले की थोड्या वेळात वरणभात पुन्हा तोंडात येतो. मळमळ नाही, कळ नाही, आंबटसुद्धा लागत नाही. जेवले तीच चव. मी तो पुन्हा चावते, गिळते, की पुन्हा येतो. गाय रवंथ करते ना, तसं. गिळवलं नाही तर मोरीत थुंकून येते. मला वाटायचं सगळ्यांचंच असं होत असेल, फक्त कुणी बोलत नसेल. एकदा स्वयंपाकघरात तू मला पकडलंस. "काय चघळतेयस गं? आ कर!" मी आ केला आणि पाठीत धपाटा बसला. "अन्नाशी खेळतेस? लाज नाही वाटत?" पुढे माझ्या बरगड्या दिसायला लागल्या, तशी तुझी घाबरगुंडी उडाली आणि राग कुठल्या कुठे गेला. रागच बरा होता गं! तुझं ते माझ्या तोंडाकडे टक लावून बसणं मला सोसायचं नाही. जेवताना दिवे गेले, आणि त्या काळात ते सारखे जायचे, की मला हायसं वाटायचं. अंधारात माझं तोंड कुणाला दिसत नसे.

डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, पांढरं, खडू कालवल्यासारखं काहीतरी पाजून पोटाचे फोटो काढले. त्यात काही निघेना, तेव्हा "मुलगी हट्टी आहे" म्हणून मोकळे झाले. तू पाण्यात तुरटी फिरवायचीस, मग ते उकळायचीस, शेजारच्या बंगाली मावशींकडचा, माशिमांकडचा, मासळीचा वास नको म्हणून खिडकी लावून घ्यायचीस. शेवटी त्याच माशिमा म्हणाल्या, "कोलकातार जॉल ओर पेटे शॉय ना." इथलं पाणी हिच्या पोटाला सोसत नाही. झालं! बुडत्याला काडीचा आधार. बाबांनी नागपूरला बदली मागून घेतली. शाळेतल्या तुझ्या शेवटच्या दिवशी मी तुझ्याबरोबर होते. मोठ्या बाई तुझा हात धरून म्हणत होत्या, "तुमच्या जागी तात्पुरतंच कुणाला तरी घेते. तिकडेही मुलगी सुधारली नाही, तर परत या." परत येताना ट्राममध्ये तू खिडकीकडे तोंड करून रडलीस. तुला वाटलं, मी बघितलं नाही.

नागपूरला पहिलंच जेवण झालं आणि अन्न वर आलं. तू समोरच बसली होतीस. मी ओठ घट्ट मिटले, चेहरा हलू दिला नाही, गिळून टाकलं. तू बाबांना हाक मारलीस, "अहो, बघा तरी, पाणी बदललं आणि पोर सुधारली!" पुढे येईल-जाईल त्याला हेच सांगायचीस. नागपुरात तुला नोकरी मिळाली नाही. काही दिवस चौकशी करत होतीस, मग तेही सोडलंस. आणि मी मिटल्या तोंडानं रवंथ करत शाळा, कॉलेज, लग्न सगळं पार पाडलं. तुझ्या तेराव्याच्या पंगतीतसुद्धा तेच.

गेल्या वर्षी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वर येतं ते आंबट असतं, की जेवलात तसंच?" जन्मात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला रडूच फुटलं. त्या म्हणाल्या, हा हट्ट नाही, नाटक नाही. पोटाचे स्नायू आपल्या नकळत आवळले जातात आणि अन्न वर ढकलतात. शरीराला तशी सवयच लागते. उपाय काय, तर जेवल्यावर पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायचा. छाती हलवायची नाही, पोट फुगू द्यायचं. तसा श्वास चालू असला की पोट आवळत नाही. मला आधी हसूच आलं. पण नेटानं करत राहिले, आणि हळूहळू कमी झालं. आता क्वचित कधीतरी येतं. पहिल्यांदा सगळं जेवण पोटात राहिलं त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता. मी नुसती संतापले. एवढ्याशा गोष्टीपायी तुझी शाळा गेली! तुझाही राग आला, खोटं कशाला बोलू? धपाटा घातलास, नवस बोललीस, गाव सोडलंस; "तुला नक्की काय होतं गं?" एवढं विचारायचं मात्र राहून गेलं.

हे पत्र मी लेकीला वाचून दाखवणार होते. नाही दाखवणार. ती म्हणेल, आईचं मन मोडू नये म्हणून तू सोसलंस, केवढी शहाणी होतीस. मीही इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आले. पण नागपूरला शाळेतून घरी आले की दार तू उघडायचीस. वह्या तपासायच्या नसायच्या, कुठे जायचं नसायचं. दुपारभर तू माझी असायचीस. मला ते फार आवडायचं, आई.