कुंपणातली माणसं

११ मार्च, मंगळवार
दोन! आठपैकी दोन! मी पूर्ण आठ दिले होते, मॉडरेटरनं लाल शाईनं खोडले. सहा गुण गेले आणि पोर तीन गुणांनी नापास. वर्ष वाया!

प्रश्न – रशियाच्या परराष्ट्र धोरणाची मुळं. नमुना उत्तरात चार मुद्दे: उघडं मैदान, सततच्या स्वाऱ्या, न गोठणाऱ्या बंदराची गरज, आणि शेजारचे देश म्हणजे संरक्षणाचं कुंपण. ठोकळेबाज! हिनं काय लिहिलंय? ‘मंगोल आले, फ्रेंच आले, जर्मन आले. भीती खरी आहे. पण मी विचार करत होते, किती शेजाऱ्यांची घरं घेतली की ही भीती जाईल? ज्याला आपण कुंपण म्हणतो, तिथे माणसं राहतात. त्यांच्या भीतीला किती गुण?’

‘करत होते’वरून कळलं, मुलगी आहे. बाकी नुसता बैठक क्रमांक.

१२ मार्च
तपासणीच्या खोलीत कडाक्याचं भांडण. मॉडरेटर म्हणे, “मॅडम, आज हिला सोडलं तर उद्या सगळे कादंबऱ्या लिहितील. सोळा वर्षं हेच उत्तर चालतंय.”
“ज्यानं हे नमुना उत्तर लिहिलं त्याला आणा समोर, कान उपटते!”
सगळे हसले. हसा लेको! मी पेन आपटून बाहेर आले.

१३ मार्च
घसा बसला. हे म्हणतात, “रशियापायी घरात कशाला युद्ध?” बोललेच नाही यांच्याशी.

१५ मार्च, शनिवार
मुख्य परीक्षक गोड बोलून हात झटकतात. नमुना उत्तर बदलायचं तर ते करणाऱ्याचंच पत्र हवं, तेही सोमवारपर्यंत. छापील प्रतीवर नावच नाही. मूळ फाईल काढायला क्लार्कच्या मागे हात धुऊन लागले. तो भला माणूस, सुट्टीच्या दिवशी माळ्यावर चढायला तयार झाला.

भेटू दे तो शहाणा. शेजाऱ्यांना कुंपण म्हणतो!

१७ मार्च, सोमवार
फाईल सापडली. क्लार्कनं ती उघडून माझ्यापुढे ठेवली आणि हळूच म्हणाला, “मॅडम, आता कान कुणाचा?”

अक्षर माझं. खाली सही माझी. नोकरीचं पहिलं वर्ष, एका दुपारी घाईघाईत लिहून दिलेलं – पार विसरले होते. चौथ्या मुद्द्याखाली दोन रेघा, त्याही माझ्याच.

तिथंच बसून पत्र लिहून दिलं. ही पोर सुटेल. पण सोळा वर्षं हेच उत्तर समोर ठेवून मीच पेपर तपासले. असं लिहिणाऱ्या किती जणींना मी दोन दिले असतील!