आत्याच्या स्वेटरच्या बाह्या

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा स्वेटर मिळाला. अगदी मापाचा झालाय. गाठी मोजल्या नाहीत, त्याला अख्खा रविवार लागेल.

इकडे माझा जीव टांगणीला लागलाय. मागे झुकलेल्या पंखांचं आमचं नवं विमान, म्हणजे त्याचं हातभर मॉडेल, जोराचा वारा सोडून चाचणी घेतात त्या बोगद्यात नाक जरा वर केलं की डुलायला लागतं. एका पंखाला चिकटून वाहणारी हवा आधी पंखापासून सुटते, तो खाली जातो. तो सावरतोय तोवर दुसऱ्यावरची सुटते. थांबायचं नाव नाही. पंधरा तारखेपर्यंत हे थांबलं नाही तर पंख रद्द, असं साहेबांनी बजावलंय. तीन वर्षं घातलीत गं मी त्या पंखात.

हवा कुठे सुटते ते दिसावं म्हणून पंखावर लोकरीचे तुकडे चिकटवतात. आमची लोकर संपलीय. तुझ्याकडची उरलेली लगेच धाड.

लोभ आहेच, तो लोकरीसकट असू दे.

तुझा भाचा

८ मार्च

चि. भाच्यास,
अ. आ.

लोकर शिल्लक नाही, सगळी तुझ्या लांबलचक हातांत गेली. आणि गाठींना नावं ठेवू नकोस. काका म्हणतात, एका पंखाला वजन बांधून बघा. मी म्हटलं, आधी तुम्ही खुर्चीत न डुलता बसा.

बोगद्यात गार वारा असेल, स्वेटर रोज घाल. घातलेला फोटो पाठव.

तब्येत जप, म्हणजे आमचा लोभ कामी येईल.

तुझी आत्या

१६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी खाली बस. दुकानात लोकर सोमवारी येणार होती, तोवर पंधरा तारीख उलटली असती. म्हणून स्वेटरची डावी बाही उसवली. मग उजवीही.

घाईत काही तुकडे गाठींसकट पंखांच्या पुढच्या कडेलाच चिकटवले गेले. नाक वर केलं, तर मॉडेल ढिम्म. बोगदा चालू आहे ना, हे साहेबांनी दोनदा पाहिलं. गाठी काढल्या की डुलतं, लावल्या की थांबतं. गाठीमागे हवेचा बारीक भोवरा तयार होतो आणि तो बाकीच्या हवेला पंखाशी धरून ठेवतो. आत्या, पंख वाचला. आता तिथे धातूचे छोटे उंचवटे बसणार आहेत. विमानाच्या आराखड्यात त्यांची नावं ‘आत्या एक’ ते ‘आत्या सहा’ अशी आहेत. साहेबांनी कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि सही केली.

फोटो सोबत आहे. हात थोडे उघडे दिसतील.

उरलासुरला लोभ ठेव.

तुझा भाचा

२२ मार्च

चि. भाच्यास,
अ. आ.

फोटो पाहून काका इतके हसले की खुर्चीसकट आडवे झाले. मी दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. तिसऱ्या दिवशी तोच फोटो घेऊन शेजारी चार घरं फिरून आले.

नव्या बाह्या पाठवतेय. जन्मात पहिल्यांदा एकही गाठ पडू दिली नाही, डोळे फुटायची वेळ आली. वेगळ्या पुडीत गाठीच गाठी मारलेली लोकर आहे, ती विमानाची. बाह्यांना कात्री लावलीस तर पुढचा स्वेटर मी थेट साहेबांना विणून देईन.

लोभ तसूभरही उसवलेला नाही.

तुझी आत्या (सातवी)