तोच पिवळा

आप्पा, उद्या तुमच्या कबरीवर मी जे गोल्डन रॉड लावणार आहे, ते तुमचं नाही.

हे लिहिलं की जरा स्वस्थ बसता येईल असं वाटलं होतं. नाही बसवत. दौंडच्या या अंगणात दोन चकरा मारून आलो. आई आत फुटवा पोत्यात गुंडाळतेय.

तुम्ही शिरूरच्या चर्चचे माळी. गुलाब कुणीबी करतंय म्हणायचात आणि भिंतीकडेला ही काठ्यांसारखी उंच झाडं वाढवायचात. गुच्छवाले गुलाबांच्या मधल्या जागा भरायला तेच पिवळे तुरे न्यायचे. अर्धा तुरा उमलला की कापायचा, हा तुमचा नियम. एकदा मला कापायला सांगितलंत आणि मी इनामगावला नदीकाठी, उत्खननाच्या जागी, जुनी खापरं शोधत बसलो. तीन दिवसांनी आलो, कापलं, वेदीवर ठेवलं. रविवारी पांढऱ्या कापडावर नुसता पिवळा भुगा. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "ह्याला कापायचं कळत न्हाई आन् थांबायचंबी कळत न्हाई." मग दुपारी मला शेजारी बसवून बहर सरलेलं झाड जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटलंत. "मधलं खोड म्हातारं हुतं, फुटवे भायेर पळत्यात. तुझ्यावानी. त्येच उपटून लावायचे." ते रागानं म्हणालात की कसं, मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही गेल्यावर आई दौंडला ताईकडं आली. मला म्हणाली, "बाकी काय नको, ह्यांचं झाड तेवढं आण." मी मुळासकट उपटलं, पोत्यात घालून गाडीला बांधलं. दौंडचा रस्ता न्हावऱ्यावरून, आणि मी गेलो उलटा, कोरेगाव भीमाला. मित्र म्हणाला होता कंपनीत भरती चालूय. दोन दिवसांचे अकरा झाले. नोकरी लागली नाहीच. पोतं त्याच्या खोलीवरच्या पत्र्यावर तापत राहिलं. सोडलं तर मुळं सुतळीसारखी वाळलेली. येताना हायवेच्या नर्सरीतून दुसरं घेतलं, पिशवी फाडून फेकली, मुळं त्याच पोत्यात गुंडाळली. आईनं पोत्याचा वास घेतला आणि रडली. तेव्हा कसं सांगणार?

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. आता आठ वर्षं झाली. मी नाशिक, वापी, कुठंकुठं फिरलो. दर खेपेला यावं तर आईनं आणखी कुणाला तरी फुटवे दिलेले. "आमच्या ह्यांच्या हातचं हाय, जपा." अर्ध्या गल्लीत तुमच्या नावानं नर्सरीचं झाड डोलतंय. शेजारच्या मावशी तर म्हणतात, "तुझ्या बापाला बघितलं न्हाई, पर झाडावरनं कळतंय, माणूस सरळ व्हता."

काल आई म्हणाली, "एक फुटवा त्यांच्या उशाला लाव. त्यांचं त्यांना." मी म्हणणार होतो, आई, ऐक. तोंड उघडलंसुद्धा. तिनं शेवटचा तुरा माझ्यापुढं धरला. "बघ की, तोच पिवळा हाय ना रं?"

"व्हय," म्हणालो. "तोच."

उद्या लावीन. मूळ धरेपर्यंत शिरूरलाच राहायचं म्हणतोय, बघू. हा कागद खड्ड्यात पुरायचा विचार होता, पण आई बरोबर येणार आहे, तेव्हा खिशातच राहील. आणि आप्पा, तुमच्या झाडाचा पिवळा नेमका कसा होता, ते मला आठवत नाही.