डाळिंबाच्या साली

तेलगाव,
१७ एप्रिल २०१६

चि. विशाखास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

मी बरा आहे. टँकर आठवड्याने येतो. जनावरं छावणीत गेल्यापासून आपल्या दूध सोसायटीला कुलूप आहे. तरी सवयीने सकाळी ओट्यावर जाऊन बसतो. आई रांगेत किटली ठेवून तिथंच गल्लीतल्या पारूबाईसोबत मिसरी लावत बसायची. आत दुधाचं फॅट मोजताना मला दोघींचं हसणं ऐकू यायचं. मिसरीचा तो जळका वास तेव्हा नको वाटायचा.

भांड्यांच्या पाण्यावर डाळिंब जगवलंय.

तू प्रयोगशाळेतल्या अर्कासाठी घरच्या साली मागवल्या होत्यास. आईने वाळवून डब्यात ठेवलेल्या होत्या, त्या तिच्या पश्चात पारूबाई घेऊन गेली. परवा तिच्याकडे गेलो तर तव्यावर तंबाखूसोबत साली भाजत होती. हे काय म्हणून विचारलं.

"तुमच्या जाईनंच शिकवलंय, भावजी. तुमच्या पोरीच्या कामात डाळिंबाच्या सालीनं तोंडाचा क्यान्सर मरतोय म्हनं. मिसरीत टाकली की भ्याव न्हाई."

हो, आई असंच करायची. तू फोनवर सांगितलेलं तिने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. तोंडात चट्टा आला तेव्हा मिसरी सोडली नाही, साल वाढवली. तपासायला यायचं आई इतके महिने का थांबली, असं तू दवाखान्यात विचारत होतीस. मी औषधं आणायला बाहेर गेलो.

तू खोटं काही सांगितलं नव्हतंस. काचेच्या बशीतल्या पेशी वेगळ्या आणि माणसाचं तोंड वेगळं, हेही सांगितलं होतंस. तिला त्यातली आपली पोर तेवढी ऐकू आली. यात तुझा दोष धरू नकोस. तसं वाटेल म्हणूनच आजवर लिहिलं नाही, आणि आताही लिहिलं नसतं.

पण पारूबाईच्या गालात आतून पांढरं झालंय. भाकरी पाण्यात कुस्करून खाते. अंबाजोगाईच्या दवाखान्यात चला म्हटलं, तर हसली. "तुमी डेअरीचं मानूस. इशाखा म्हनली तर जाईन."

तिला फोन करू नकोस. फोनवरचं इथं कसं ऐकलं जातं ते आपण पाहिलं. तू स्वतः ये, तिच्या तोंडात बघ आणि तिला गाडीत बसव.

झाडाला दोन फळं उरलीत. साली तू ने. परवा एक फळ फोडून पारूबाईला दाणे दिले होते, झोंबतात म्हणाली. आईही दुखण्याच्या सुरुवातीला तेच म्हणाली होती.

वाटेकडे डोळे लावून,
तुझे आप्पा