नको म्हटलेला घास

४ मे

पोचले एकदाची! गावच्या धक्क्यावरून होडीत बसले आणि भरतीच्या पाण्याबरोबर खाडी ओलांडून थेट बेटावर. एवढासाच प्रवास, पण मिरी शहरातल्या हॉटेलाच्या भटारखान्यात इतकी वर्षं धूर खाल्ल्यावर हा वारा अंगावर आला आणि जीव हरखला नुसता. बेट सगळं राखीव आहे. झाड तोडायचं नाही, शंख उचलायचा नाही, माकडांना काही घालायचं नाही. माणसांना घालायचं, ते काम माझं. कँटीन वाळूतच खांबांवर उभं आहे. मोठी भरती आली की पाणी खाली येतं आणि फळ्यांच्या फटींतून चमकताना दिसतं. मला फार आवडलं ते.

मागे एक खोली मिळालीय. नोकरी पक्की झाली की गावात दोन खोल्या देणार आहेत. मग आतिकाला वसतिगृहातून काढून जवळ आणीन. बाप गेल्यावर तिला तिथे टाकली म्हणून पोर माझ्याशी धड बोलत नाही. पंधरा वर्षांची झाली, फोन केला की नुसतं हं आणि हूं, माक म्हणून आईला हाकसुद्धा नाही. एकदा जवळ आली की पोटभर खाऊ घालीन, रुसवा आपोआप जाईल. माझ्या हातच्या लाक्सापुढे, नारळाच्या दुधातल्या रस्सेदार शेवयांपुढे, भल्याभल्यांचे रुसवे टिकलेले नाहीत.

६ मे

इथले होडीवाले म्हणजे एकजात नाकं मुरडणारे. त्यांचा म्होरक्या बुजांग, सगळे त्याला पाकचिक म्हणजे काका म्हणतात. साठी उलटलेला, सदा लवंगेची विडी तोंडात. माझ्याआधी सेनाह नावाची म्हातारी इथे रांधायची. गेल्या पावसाळ्यात ती वारली आणि तिची जागा मी घेतली, हाच माझा गुन्हा. मला नाव आहे, रोस्नाह, पण इथे मी मिरीवाली. साबरी म्हणून एक तरणा होडीवाला आहे, त्याच्या जिभेला हाड नाही. मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, मिरीवालीचा भात पाहुण्यांनी खावा आणि घरी जाऊन पोट धरून बसावं. फिदीफिदी हसले सगळे. मी कढईवर असा काही झारा आपटला की गप्पच बसले.

धड माणूस एकच, वनरक्षक जिंबाई. तो इबान जमातीचा आहे, वरच्या नदीकडचा. मुकाट्याने जेवतो, आपली ताटली आपण विसळतो.

९ मे

म्हटलं, आपणच नमतं घ्यावं. होड्या सुटायच्या वेळी कॉफी आणि चिकट भाताच्या पुड्या घेऊन स्वतः धक्क्यावर गेले. बाकीच्यांनी तोंडं वाकडी करत का होईना, घेतलं. साबरीने पेला घेतला, माझ्याकडे बघत सावकाश समुद्रात ओतला आणि म्हणाला, मासे मरतील गं मिरीवाले, आळ माझ्यावर यायचा.

हसले सगळे. एकटा पाकचिक हसला नाही. त्याला म्हणाला, बोट तरी लाव रे पुडीला, पाण्यावर निघालायस. पुढे आलेल्या घासाला नको म्हणून निघू नये, वाटेत घात होतो. खायचं नसेल तर निदान बोट शिववावं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मिरीतसुद्धा आम्ही शिवतो, सवयीने, मनात काही नसतं. साबरीने बोट लावलं नाही. वर मला टाटा केला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनात म्हटलं, जा मेल्या, तडफड.

१० मे

साबरी गेला.

काल परतताना होडी खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतली, ढकलायला म्हणून हा गुडघाभर पाण्यात उतरला. गुडघाभरच. मगरीचं नाव पाण्यावर कोणी घेत नाही, म्हातारा म्हणतात. म्हाताऱ्याने नेला. त्याला वर ओढायला होडीतला जोडीदार वाकला तशी होडी उलटली, त्या बिचाऱ्याची बोटं गेली. साबरीचा नुसता सदरा मिळाला.

दिवसभर कोणी कँटीनमध्ये फिरकलं नाही. मनातल्या मनात बोललेलं ते वाक्य आता कुठे नेऊन पुरू?

१६ मे

पाहणीला एक साहेब आले होते. मी मासे वाढले, तर पोटावर हात फिरवून म्हणाले, नको बाई, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. मी म्हटलं, बोट तरी लावा साहेब. त्यावर ते हसले. म्हणाले, तुम्ही शहरातून आलेल्या ना, तुम्हीही यातल्याच? मी ताटली त्यांच्या हाताखाली सरकवली, त्यांनी हात मागे घेतला.

धक्क्याच्या वाटेवर, कठड्यावर, पानासारखा हिरवा साप. साहेब कठड्याला धरायला गेले आणि त्यांनी सापालाच धरलं. मी इतकी वर्षं स्वयंपाक करतेय, माणसाच्या हाताला असा रंग चढलेला पाहिला नव्हता. शहरात नेलं. कोपराखाली हात काढावा लागला म्हणे.

१८ मे

आता सगळे येतात. जेवायला नाही, शिवायला. रांगेने आत येतात, प्रत्येक पातेल्याला बोट लावतात, पँटला पुसतात आणि जातात. नजरेला नजर देत नाहीत. एकाने तर जाताना पायरीवर थुंकून घेतलं. माझ्या रश्शात बोटं बुडवून वर थुंकायचं मेल्यांनी!

पाकचिक दारातच उभा राहिला. त्याने सांगितलं ते असं, की सेनाह कुणाला आग्रह करायची नाही. मागेल त्याला वाढायची. तू प्रत्येकाच्या तोंडापुढे ताटली नाचवतेस. नको म्हणायची पाळी माणसावर तूच आणतेस, मिरीवाले. हात आवर. आणि नाही आवरत तर चालती हो, नाहीतर आम्ही घालवू.

मी त्याला नको नको ते बोलले. मग खोलीत येऊन रडले. खरं होतं म्हणूनच झोंबलं. आतिका लहान असल्यापासून मी तेच करत आलेय. ती काही सांगायला तोंड उघडायची आणि मी त्यात घास कोंबायची.

२१ मे

रात्री कोणीतरी कँटीनच्या दाराला मेलेला मासा टांगून गेलं. पत्र्यावर दगड पडतात. जिंबाई म्हणतो, माकडं असतील. माकडं असा नेम धरून मारत नाहीत.

महिनाअखेर मी जाणार. दोन खोल्या गेल्या खड्ड्यात. सुट्टीत आतिका इथे यायची होती, तिला निरोप टाकला, येऊ नकोस. कारण काय लिहिणार? नुसतं तेवढंच लिहिलं. तिने वाचलं. उत्तर नाही.

पाणी आता रोज फळ्यांखाली येतं. आणि एक सांगू? पाणी ओसरलं तरी काहीतरी ओलं तिथेच राहतं. वास येतो.

२४ मे, सकाळ

आतिका आली! न सांगता, पहिल्या होडीने. येऊ नको म्हटल्यामुळे फणकारलेली, तरी आली. हातात डबा. तिने स्वतः केलेला केक, आमचा थराथरांचा. एकेक थर ओतायचा, भाजायचा, मग त्यावर दुसरा. शाळेच्या स्वयंपाकघरात अख्खा दिवस उभी होती. मनगटावर पोळल्याचा डाग आहे. काप काढून ताटलीत माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, माक, खाऊन बघ.

मला काही ऐकूच येत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच, दुपारच्या भरतीला ही परत पाण्यावर जाणार. म्हटलं, ते राहू दे गं, आधी तू खा. लाक्सा पुढे केला. नको म्हणाली. भूक नाही, आधी तू केक घे. मी म्हटलं, केकचं काय घेऊन बसलीस, आधी हे.

नको म्हणाली ती. माझ्या घासाला. माझी पोर.

२४ मे, दुपार

झालं. वाचली.

ती चिडून होडीकडे निघाली तशी मी वाडगा घेऊन मागे धावले. हात पकडला. बोट धरून रश्शात बुडवलं. उकळता होता. किंचाळली. सगळे होडीवाले बघत होते, एकही पुढे आला नाही. बोट तोंडात धरून रडत होती आणि म्हणत होती, तू वेडी आहेस, माक, तू वेडी आहेस. केकचा डबा उचलला आणि होडीत बसली.

असू दे. शिवलं तिने. हात भाजला तर भाजला. सुखरूप पोचली, पाकचिकने फोनवर सांगितलं. आज मी पोटभर जेवणार.

२४ मे, संध्याकाळ

जिंबाईने विचारलं. सहज विचारलं, ताटली विसळता विसळता. पोरीच्या केकला तू बोट लावलंस ना?

ताटलीत काप नाही. माकड घेऊन गेलं. छपरावर बसून खाल्लं त्याने, कागदासकट.

मी लावलं नाही. ती म्हणाली, खाऊन बघ. मी म्हटलं, राहू दे.

आतिकाला फोन केला. उचलत नाही. मग निरोप आला, केक खाडीत टाकला. तुला नकोच होता.

पाकचिक तिला सोडून परतला होता, त्याला म्हटलं, मला आत्ताच्या आत्ता पलीकडे ने. तो मागे सरकला. न शिवलेल्या माणसाला होडीत घेऊन साबरीच्या जोडीदाराचं काय झालं ते बघितलंस, म्हणाला. घरी मलाही पोरं आहेत. यावेळी त्याने धमकावलं नाही, मिरीवाली म्हटलं नाही. ते जास्त वाईट होतं.

फळ्यांच्या फटींतून केकचे कण खाली पडले असतील. ओहोटी होती तेवढ्यात खाली गेले. गुडघ्यांवर. मुंग्या होत्या. एका मुंगीच्या तोंडात काहीतरी पिवळं — चाटलं मी ते. मुंगीसकट. केक होता की वाळू?

वाळूत खळगा आहे. ओला. लांबलचक. माझ्या चुलीच्या बरोबर खाली. म्हातारा रोज तिथेच झोपत असणार —

२५ मे

जिंबाई पहाटेच निघाला. एकट्याच्या होडीने. आतिकाकडे केक भाजलेलं भांडं असेल, कडेला खरवड राहिलेली असेल, तेवढी आणतो म्हणाला. खरवड चालेल. बोट लागलं की झालं. पण परतायचं तर भरतीलाच. पाण्याशिवाय होडी येत नाही —

पाणी चढतंय.

बाकीचे वरच्या वनचौकीत गेले. दारं लावून घेतली. हाक मारली तर खिडकी लावली.

पायरी बुडाली. टेबलावर बसलेय.

खालून फळीला धक्का. एकदा. मग घासल्यासारखं. चुलीपाशी.

चुलीजवळची फळी वर उचलतेय. खिळे —

होडी दिसली! जिंबाई — आणि पुढे आतिका उभी. तिला कशाला आणलं? हातात भांडं आहे. उंच धरलंय. मला दाखवतेय. ओरडतेय काहीतरी.

धक्का गेलाय पाण्याखाली. ती पाण्यात उतरेल. ओळखते मी तिला, थांबायची नाही. कमरेएवढं पाणी आहे आणि खालचं घासणं थांबलंय. तो होडीकडे वळला तर —

नाही. त्याला मी हवी. मीच खाली उतरते, तिच्याआधी.

एवढंच लिहिते. आतिका, वही तुझ्या हाती आली तर, केक मी खाल्ला. तू गेल्यावर लगेच खाल्ला, अख्खा काप. वरचा थर जरा करपला होता, बाकी माझ्याहून छान जमलाय. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. मागे मी वेड्यासारखं काहीबाही लिहिलंय, ते खरं नाही, ती पानं मी फाडतेय, आधी ती फाडते आणि मग उत